शब्दचर्चा: मुलांच्या पुस्तकातले गुलाम, मळा, काका आणि 'आवाज सापडणे'

शब्दवेडी: अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची चित्रपुस्तकं सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत आणताना ठरावीक शब्द अडतात. उदाहरणाला जॉर्ज मोझेस हॉर्टन हा कवी घेऊ. १७९८च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनात गुलामीत जन्म. तो स्वतःच वाचायला शिकला आणि चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावी फळं विकताना तिथल्या विद्यार्थ्यांना प्रेमकविता रचून विकू लागला, एकेक पंचवीस ते पंचाहत्तर सेंटला. १८२९ साली त्याचा संग्रह छापला गेला, तेव्हा त्याला लिहिता येत नव्हतं. कविता तोंडपाठ रचायची आणि दुसऱ्याकडून उतरवून घ्यायची. आता प्रश्न असा: 'गुलाम' ठेवायचा की 'दास'? आणि 'त्याला आपला आवाज सापडला' हे मराठी वाटतं का?

उंबरठा: 'दास' नकोच. रामदास, तुलसीदास ऐकलेल्या मुलाला त्यात भक्ती ऐकू येते, आणि ती माणूस आपणहून पत्करतो. 'वेठबिगार' म्हणजे फुकट राबवलेला माणूस. त्याला बाजारात उभं करून विकण्याचा अर्थ त्या शब्दात नाही. 'गुलाम' मुलांना निदान पत्त्यांमुळे माहीत असतो. शिवाय जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांनाच अर्पण केली. हा शब्द या विषयासाठी मराठीत तेव्हापासून रुळलेला आहे. जपायचं ते वाक्य. 'हॉर्टन गुलाम होता' यात गुलामी ही त्याची जात असल्यासारखी वाटते. 'त्याला गुलाम करून ठेवलं होतं' म्हटलं की ठेवणारा कोण, हे मूल लगेच विचारतं. प्रत्येक ओळीत असं लांबण लावू नये. पहिल्या उल्लेखात नाव आणि काम द्यावं, मग हे वाक्य एकदा यावं. पुढे साधा 'गुलाम' चालतो.

रानवाट: 'कापसाचा मळा' हे फार ठिकाणी दिसतं. मळा म्हटला की विहीर, मोट, भाजीपाला, सुट्टीतलं मामाचं गाव. चहाचे मळे रुळले आहेत, पण कापसाला तो शब्द लावला की चित्रातला चाबूकच बोथट होतो. 'कापसाची अफाट शेतं' लिहावं. देखरेख करणाऱ्याला मात्र 'मुकादम' चपखल बसतो, ऊसतोडीमुळे मुलांच्याही कानावर असतो.

त्याहून मोठी गफलत 'अंकल'ची. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे गोरे लोक वयस्क गुलामांना 'अंकल' आणि 'आंटी' म्हणत, कारण 'मिस्टर' आणि 'मिसेस' हा मान त्यांना द्यायचा नसे. मराठीत त्याचं 'काका' केलं की अपमानाचा जिव्हाळा होतो. 'अंकल' तसंच ठेवावं आणि मालकाच्या मुलाच्या तोंडी अरेतुरे घालावं: "अंकल, घोडा आण." पाच वर्षांचं पोर म्हाताऱ्याला 'आण' म्हणतं, हे मराठी मुलाला लगेच खटकतं. टीप लागत नाही.

शब्दवेडी: मग निवेदनात 'तो' की 'ते'?

रानवाट: सगळ्यांना एकच. मालक 'ते' आणि हॉर्टन 'तो' असं कित्येकदा नकळत होतं. थोरांच्या चरित्रांत आपण 'ते' लिहितो, म्हणून मोठ्या हॉर्टनला 'ते' देणार असाल तर बालपणातही द्यावं लागेल, आणि ते अवघडतं. माझं मत, गोष्टीत सर्वांना 'तो' आणि 'ती'. गुलामांच्या तोंडी ग्रामीण बोली आणि मालकाच्या तोंडी पुस्तकी मराठी, हेही टाळावं. आपल्याकडचं गावमाणूस त्यात विनाकारण खाली बसतं.

उंबरठा: 'आवाज सापडला' मला परकं वाटतं. 'वाचा फुटली' बहुधा अन्यायाला फुटते, आणि ती फोडणारा कुणी तिसराही असू शकतो. 'कंठ फुटला' म्हटलं की मिसरूड फुटायचं वय आठवतं. मराठीतली नैसर्गिक घडण म्हणजे 'बोलता झाला', 'लिहिती झाली'. हॉर्टनच्या बाबतीत तिचा नेमका उपयोग होतो: आधी वाचता झाला, मग रचता झाला, लिहिता झाला १८३२च्या आसपास. तीन पानांवर तीन क्रियापदं येतात.

शब्दवेडी: छान. आणि मधे एक ओळ हवीच: गुलामांना वाचायला-लिहायला शिकवणं नॉर्थ कॅरोलायनातच १८३०च्या कायद्याने गुन्हा ठरलं होतं. ती नसेल तर 'लिहिता झाला' ही नुसती शाळेतली प्रगती वाटेल.

रानवाट: 'स्वातंत्र्य मिळालं' हेही तपासा. पुस्तक विकून मालकाला स्वतःची किंमत भरायची हॉर्टनची धडपड फसली, आणि तो सुटला १८६५मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरीस. 'स्वातंत्र्य मिळालं' म्हटलं की मुलांना पंधरा ऑगस्ट आठवतो. एकट्या माणसासाठी 'सुटका झाली' किंवा 'मोकळा झाला' लिहा.