लर्निंग आउटकम : उद्दिष्ट, फलश्रुती, संपादणूक की निष्पत्ती?

विचारणा (विलेपार्ले)

नमस्कार मंडळी. मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बीएमएसच्या (व्यवस्थापनाची पदवी) वर्गांना शिकवते. आमच्या विभागाची माहितीपुस्तिका यंदा पालकांसाठी मराठीतही काढायची आहे. त्यात 'कोर्स आउटकम' आणि 'प्रोग्राम आउटकम' (एखादा विषय किंवा अख्खी पदवी शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं ते) पानोपानी येतात, मागोमाग 'असेसमेंट' (ते आलं का याची तपासणी) आणि 'अटेनमेंट' (त्यातलं किती आलं). २०२४-२५पासून बीबीए-बीएमएस एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) कक्षेत आल्यावर या शब्दांचा वावर आणखी वाढलाय. विभागात आउटकमसाठी उद्दिष्ट, फलश्रुती आणि निष्पत्ती अशी तीन मतं पडलीत. शिवाय मूल्यमापन म्हणायचं की मूल्यांकन, हाही वाद आहेच. तुम्ही काय वापराल, आणि का?

प्रतिसाद (मुलुंड)

ताई, शाळांपुरता हा प्रश्न सुटलेला आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत 'अध्ययन निष्पत्ती' असा तक्ताच छापलेला असतो. २०१७ साली शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन इयत्तावार निष्पत्ती ठरवणं आलं, आणि शब्द शिक्षकांच्या तोंडी बसला. तुमच्याकडे येणारी मुलं ज्या शाळांतून येतात तिथे तो रुळलेला आहे. तोच घ्या.

प्रतिसाद (दादर)

फलश्रुती मात्र नको. ती स्तोत्राच्या शेवटी असते, पठण केल्याने काय फळ मिळेल ते सांगते. ते श्रद्धेचं आश्वासन आहे, त्याचा पडताळा कोणी मागत नाही. आउटकम म्हटलं की पडताळा आलाच.

प्रतिसाद (माटुंगा)

मी एमबीएच्या वर्गांना बरीच वर्षं वित्त शिकवतो. जरा सविस्तर लिहितो, कारण शब्द चुकला की प्रश्नपत्रिकाही चुकते असं माझं ठाम मत आहे.

उद्दिष्ट हे शिकवणाऱ्याचं असतं. 'विद्यार्थ्यांना खेळत्या भांडवलाची ओळख करून देणे' हे माझं उद्दिष्ट. मी चार तास घेतले, फळा भरून आकडेमोड केली, की ते पुरं झालं. समोरच्या साठ जणांना काही उमजलं की नाही, हे त्यात कुठेच येत नाही. निष्पत्ती विद्यार्थ्याची. आपण एरवीही म्हणतो, 'चौकशीत असं निष्पन्न झालं', 'बैठकीतून काहीच निष्पन्न झालं नाही'. तपासून झाल्यावर हाती जे येतं, ते निष्पन्न. म्हणून मला हा शब्द नुसता चालतो असं नाही, तो फार नेमका वाटतो.

पण नाम ठरवून काम संपत नाही. खरी मेख क्रियापदात आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ साली बोधात्मक, म्हणजे विचार करण्याशी संबंधित, उद्दिष्टांची उतरंड मांडली आणि २००१मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली : आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. आपल्या महाविद्यालयांतून निष्पत्ती लिहिताना त्या उतरंडीतली क्रियापदं यादीतून उचलली जातात आणि मराठीत 'विद्यार्थी संकल्पनेचे आकलन करतील' अशी वाक्यं तयार होतात. आकलन झालं हे कशावरून? मराठीत याला सरळ, घरचा मार्ग आहे : 'ता येणे'. पोहता येतं, हिशेब मांडता येतो, ताळेबंद वाचता येतो. जे येतं ते करून दाखवायला सांगता येतं. निष्पत्तीचं प्रत्येक वाक्य 'येतो, येते, येतं' यावर संपवून पाहा. जे वाक्य तसं संपत नाही, ते बहुधा उद्दिष्टच असतं.

उदाहरण देतो. 'ना नफा ना तोटा बिंदू म्हणजे काय ते स्पष्ट करा' हा प्रश्न पाठांतर तपासतो. आता हा प्रश्न बघा. दादर स्थानकाबाहेर वडापावचं दुकान आहे. महिन्याचा स्थिर खर्च ४५,००० रुपये. वडापाव २० रुपयांना, त्यातला बदलता खर्च ११ रुपये. किती विकले की खर्च भरून निघतो? नगामागे ९ रुपये सुटतात, म्हणजे ५,००० नग. इथे सूत्राचा वापर तपासला गेला. आणखी एक पाऊल पुढे जाऊ. भाडं वाढून स्थिर खर्च ५४,००० झाला. भाव तोच ठेवला तर ६,००० नग लागतात, एक रुपया वाढवला तर ५,४०० पुरतात. मालकाला काय सल्ला द्याल, आणि तो देण्याआधी आणखी कोणती माहिती मागाल? शेजारच्या गाडीवर वडापाव १८ला मिळतो हे ज्याला विचारावंसं वाटलं, त्याला निर्णय घेता येतो. व्यवस्थापनाच्या पदवीत मला हे शेवटचं हवं आहे. आणि आपल्या प्रश्नपत्रिकांत सर्वांत कमी गुण यालाच असतात, याची मला मनापासून खंत वाटते.

आता मूल्यमापन आणि मूल्यांकन. मूल्यांकन जागेचं, समभागांचं, कंपनीचं होतं. संस्थेला दर्जा द्यायचा असतो तेव्हाही तो शब्द येतो. विद्यार्थ्यासाठी मूल्यमापनच ठेवा. शाळेतले 'आकारिक' आणि 'संकलित' हे शब्दही उसने घ्या. शिकणं चालू असताना, दुरुस्तीला वाव ठेवून घेतलेलं ते आकारिक. सत्राअखेरचं ते संकलित. पदवीचे अंतर्गत गुण खरं तर आकारिक असायला हवेत. पण उत्तरपत्रिका मुलांच्या हाती पडेपर्यंत सत्र संपलेलं असेल, तर दुरुस्तीला वाव कुठला? मग तेही संकलितच.

प्रतिसाद (मुलुंड)

सर, अटेनमेंटसाठी 'संपादणूक' सुचवते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणामुळे तो शब्द शिक्षकांना परिचित आहे. निष्पत्ती म्हणजे काय यायला हवं, आणि संपादणूक म्हणजे त्यातलं किती आलं. दोन्ही शब्द लागतील, एकाने भागणार नाही.

प्रतिसाद (माटुंगा)

अगदी बरोबर, आणि ही जोडी मोलाची आहे. पुस्तिकेत एक गोष्ट जरूर लिहा : संपादणूक म्हणजे टक्केवारी नव्हे. एखाद्या मुलीला वित्तात शंभरपैकी ६२ मिळाले. व्याख्यांचे सगळे गुण मिळाले आणि निर्णयाच्या प्रश्नाचा एकही मिळाला नाही, तरी ६२ होऊ शकतात. बेरजेत ते बुडून जातं. म्हणून प्रश्न कोणत्या निष्पत्तीचा, ते आधी ठरवून त्या प्रश्नाचे गुण वेगळे नोंदवायचे. समजा, निर्णयाच्या प्रश्नात ६० टक्के गुण ही सीमा धरली आणि साठांपैकी ४२ जण ती ओलांडून गेले, तर त्या निष्पत्तीची संपादणूक ७० टक्के. सीमा किती ठेवायची ते विभागाने सत्राच्या आधी ठरवायचं. निकाल बघून ती खाली ओढणं म्हणजे स्वतःच्याच वर्गाशी अप्रामाणिकपणा.

हे प्रत्यक्ष मापन झालं. शेवटच्या वर्षाला 'तुम्हाला हे आलं असं वाटतं का' अशी प्रश्नावली भरून घेतात ते अप्रत्यक्ष. तिला थोडंच वजन द्यावं.

प्रतिसाद (अंधेरी)

मी मनुष्यबळ विभागात काम करते, दरवर्षी ताज्या पदवीधरांच्या मुलाखती घेते. सरांचं 'येणे' वडापावच्या हिशेबाला लागू पडतं, पण एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मानांकन देणारं राष्ट्रीय मंडळ) एमबीए निष्पत्तींत मूल्याधिष्ठित नेतृत्व आहे, गटात काम करणं आहे. 'नेतृत्व करता येते' असं लिहिलं म्हणून काय मोजणार?

प्रतिसाद (माटुंगा)

मॅडम, तुमचा मुद्दा रास्त आहे. तिथे एकटं वाक्य पुरत नाही, गुणदानाचे निकष शब्दांत लिहावे लागतात. आम्ही गटप्रकल्पासाठी असे लिहितो : 'सहकाऱ्याच्या आकड्यांतली चूक गटासमोर दाखवून ती दुरुस्त करायला मदत करतो', त्याखालची पायरी 'चूक दाखवतो, पण दुरुस्ती दुसऱ्यावर सोडतो', त्याखाली 'चूक लक्षात येऊनही बोलत नाही'. 'उत्तम, बरा, साधारण' एवढ्यावर दोन परीक्षकांचं एकमत होत नाही. डोळ्यांनी दिसणारी कृती लिहिली की बरंचसं होतं. प्रत्येक गुण असा पकडता येईल असा माझा दावा नाही. सचोटी एका सत्रात मोजता येत नाही आणि तसा आव आणू नये. पण अहवालात गैरसोयीचा आकडा दडवला की दाखवला, हे तपासता येतं.

प्रतिसाद (अंधेरी)

हे पटलं. मुलाखतीत आम्हीही 'तुम्ही नेतृत्व कसं करता' असं विचारत नाही, 'गटात कोणी काम केलं नाही तेव्हा काय केलंत' असं विचारतो.

विचारणा करणारीकडून (विलेपार्ले)

सर्वांचे आभार. निष्पत्ती, संपादणूक, मूल्यमापन हे पक्कं, आणि वाक्यं 'ता येणे'वर संपवून पाहते. एक राहिलं : कोर्सच्या निष्पत्ती प्रोग्रामच्या निष्पत्तींशी जोडून १, २, ३ असे आकडे भरतो, त्या 'मॅपिंग'ला काय म्हणू?

प्रतिसाद (दादर)

सांगड. विषयाच्या आणि पदवीच्या निष्पत्तींची सांगड, आणि तो सांगडतक्ता. १ म्हणजे सैल, २ मध्यम, ३ घट्ट. जिथे संबंध नाही तिथे रेघ मारा, रकाना भरायचा म्हणून १ लिहू नका.