मदत हवी आहे: वहिनीचे पेपर दोन आडनावांत विभागलेत, अर्जात एच-इंडेक्स कोणता लिहायचा?

नमस्कार मंडळी,

वहिनीसाठी विचारतोय. ती भूभौतिकशास्त्रातली, इथे बडोद्यातच शिकवते. बढतीच्या अर्जात 'एच-इंडेक्स' (पेपर किती आणि इतरांनी त्यांचे दाखले किती दिले, यावरून निघणारा आकडा) म्हणून एकच चौकोन आहे आणि अर्ज सोमवारी द्यायचाय. मी बँकेत. दोन खातीवाला गिऱ्हाईक आला की सीआयएफ (ग्राहक क्रमांक) जोडून देतो. इथे कुठल्या काउंटरला उभं राहायचं तेच कळेना.

भानगड अशी. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर जे आफ्टरशॉक येत राहिले, त्यांच्या नोंदींवर तिची पीएचडी. तेव्हाचे पेपर माहेरच्या आडनावाने. लग्नानंतर आमचं लागलं, कुलकर्णी. दांडिया बाजारात खडा मारला तर चार एस. कुलकर्णींना लागेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

स्कोपसवर (पेपर आणि त्यांचे दाखले मोजणारी साइट) ती आता दोन बायका आहे: माहेरची, १७ पेपर, एच ९; सासरची, १४ पेपर, एच ६. गुगल स्कॉलरवर प्रोफाइल एकच, पण त्यात कुणा डॉक्टर एस. कुलकर्णींचे रेटिनावरचे पेपर आपोआप येऊन बसलेत. त्यातल्या एकट्यालाच दोनशेच्या वर सायटेशन्स, म्हणजे इतरांनी दिलेले दाखले! म्हणून तिथे एच १८ दिसतो.

दादा म्हणतो, १८ लिही, कोण बघतंय. वहिनी म्हणते, कमिटीतल्या कुणी प्रोफाइल उघडलं आणि कच्छच्या भ्रंशाखाली रेटिना निघाला तर?

९ आणि ६ मिळून १५ लिहिलं तर चालेल का? प्रोफाइल जोडायची कशी? जुन्या पेपरांवरचं नाव बदलावं लागतं का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १ (इंदूरहून)

१५ अजिबात नको. हा आकडा हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. एच ९ म्हणजे प्रत्येकी निदान ९ सायटेशन्स असलेले ९ पेपर. त्याची बेरीज होत नसते. दोन्ही याद्या एक्सेलमध्ये एकाखाली एक टाका, सायटेशन्स उतरत्या क्रमाने लावा, डावीकडे १, २, ३ घाला. ज्या ओळीत अनुक्रमांक सायटेशन्सच्या पुढे जातो, तिच्या आधीची ओळ म्हणजे एच. उत्तर ९ ते १५ मध्ये कुठेतरी येईल.

स्कोपसवर 'ऑथर फीडबॅक विझार्ड' आहे, दोन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करायची विनंती त्यातून जाते. सोमवारपर्यंत होईलच असं धरू नका. स्कॉलरवर डॉक्टरांचे पेपर टिक करून उडवा, आणि सेटिंगमध्ये नवे पेपर आपोआप न जोडता आधी ईमेलने विचारायला सांगा. नाहीतर डॉक्टर परत येतील. नाव बदलायच्या फंदात पडू नका. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) सोळा अंकी क्रमांक काढा, त्यात दोन्ही नावं नोंदवता येतात.

प्रतिसाद २

डॉक्टरांच्या दोनशेकडे बघून वहिनींनी मन खट्टू करू नये. वैद्यकात लिहिणारेच जास्त, म्हणून दाखला देणारेही जास्त. आमच्या भूकंपशास्त्रात पेपर सावकाश पिकतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांची समान लक्षणं गुप्ता, रस्तोगी आणि हरी नारायण यांनी १९७२ मध्ये मांडली, तो निबंध अजून उद्धृत होतो. आणि वहिनींनी आफ्टरशॉकचा कॅटलॉग (नोंदींची यादी) केला असेल तर अर्जात वेगळा लिहा. कॅटलॉग वापरतात सगळे, नाव घेतात थोडे. आकड्यापुढे स्रोत आणि तारीख हवीच.

धागाकर्ता

इंदूरकर, एक्सेल केलं. अकराव्या ओळीत ११, बाराव्या ओळीत १०. म्हणजे ११! वहिनीने तीनदा मोजलं. स्कॉलरवरून डॉक्टरांना निरोप दिल्यावर तिथे एच १३ उरला (तिथे परिषदांचे निबंधही धरतात म्हणे). अर्जात लिहिलं: 'स्कोपस, ११, दोन प्रोफाइल मिळून', खाली दोन्ही ऑथर आयडी आणि कालची तारीख. दादा गप्प आहे.

आता विझार्डमध्ये शोधताना तिसरी वहिनी सापडली. एकच पेपर, ४ सायटेशन्स, छापणाऱ्याने नाव आणि आडनाव उलटं घेतलंय. एचला फरक पडत नाही, पण हिलाही त्याच विनंतीत जोडू की वेगळी पाठवू?