अनुभव सांगा: पिकअप घेताना इंजिन कसं निवडलंत?

भायखळ्याची लेक
रविवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन. "ताई, डिझेल घेऊ का सीएनजी? शोरूमवाले समोर बसलेत, पटकन सांग." मी मेथी निवडत होते, हात तसाच थांबला. हाच प्रश्न 2006 साली दादांनी जेवताना आईला विचारला होता. (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.)

छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, बाजारात येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. दोन सिलिंडर, 702 सीसी, 16 हॉर्सपॉवर, माल पाऊण टन. वाशी मार्केट ते भायखळा सपाट रस्ता, दादांना तेवढं पुरायचं. माझं बी.कॉम. आणि भावाची शाळा त्या गाडीने केली. मग कुणीतरी नाशिकला नारळ पोचवायचं भाडं दिलं. पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन नारळ. कसारा घाटात पहिल्या गिअरमध्ये गाडी कशीबशी चढत होती, अर्ध्यात पाणी उकळलं. रात्रीचे दोन. आई, दादा आणि मी कठड्यावर बसून इंजिन थंड व्हायची वाट बघतोय. तासाभराने आईने गोणपाट भिजवून दिलं, दादांनी त्यात धरून रेडिएटरचं झाकण हळूच फिरवलं. त्या वर्षात हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालची सील) दोनदा गेलं. गाडी वाईट नव्हती हो. सपाटीवरच्या कामाची गाडी आम्ही लोड भरून घाटात घातली.

दादा आता नाहीत. भाऊ मला विचारतो, पण खरं तर त्याला दादांनाच विचारायचं असतं.

त्याचं काम असं: रोज पहाटे वाशी-भायखळा, आठवड्यातून दोनदा नारायणगावहून टोमॅटो, माळशेजमार्गे. सव्वा-दीड टनाची गाडी बघतोय. तुम्ही काय घेतलंत, का घेतलंत, पस्तावलात का, सगळं लिहा.

कल्याण नाका
डिझेल. माळशेज म्हटल्यावर विषय संपला. माझी 2523 सीसीची पिकअप आहे, सातवं वर्ष. हॉर्सपॉवरचा आकडा बघू नका, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर बघा आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो ते बघा. टर्बो डिझेलला खालच्या आरपीएमलाच जोर असतो, लोड घेऊन चढावर गाडी उचलायची तर तोच कामाला येतो. सीएनजीवर तेच इंजिन पेट्रोलपेक्षाही थोडं कमी ओढतं.

पनवेलची आजी
ताई, दादांचं वाचून डोळे भरले. आमचेही असेच होते. गाडी आधी, जेवण नंतर.

रात्रपाळी
आमची सीएनजी, तीन वर्षं झाली. नवरा चालवतो, हिशोब माझ्याकडे. किलोमीटरमागे खर्च डिझेलपेक्षा कमी येतो, हे मी वहीत मांडलेलं आहे. पण वहीत रांग येत नाही! पंपावर कधी तास जातो. प्रेशर कमी असलं की टाकी पूर्ण भरतच नाही, मग परत दुसऱ्या दिवशी रांग. हे रात्री दीडला भरून येतात. 2025 च्या नोव्हेंबरात गॅसवाहिनीला इजा होऊन पुरवठा अडला तेव्हा आमची गाडी दारात उभी होती आणि माल मंडईत. आमच्या गाडीत पेट्रोलची टाकी आहे, पण पाचच लिटरची. घरी यायला पुरते, धंदा करायला नाही.
अजून एक, गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावीच लागते. तारीख आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ओतूरकर
थांबा थांबा. टोमॅटो घेऊन तो माळशेज उतरणार आहे, चढणार नाही! देशावरचा माल मुंबईला येतो तो घाट उतरून येतो. चढताना गाडीत रिकामे क्रेट. रिकामी गाडी सीएनजीवरही आरामात चढते.
भरलेल्या गाडीला खरा धोका उताराचा. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनालाच गाडी धरू द्यायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे मी पाहिलेत, ब्रेक तापून धूर निघालेलाही पाहिलाय.

कल्याण नाका
ओतूरकर, बरोबर बोललात. मी चढाचाच विचार करत बसलो.

भायखळ्याची लेक
अहो, तो जाताना रिकामा जायचा नाही! आत्ताच विचारलं. जुन्नर, ओतूरच्या दुकानांना वाशीहून नारळाची पोती न्यायची बोलणी झालीत. पुन्हा नारळ. अंगावर काटाच आला.

ओतूरकर
मग डिझेल. परतीचं भाडं कुणी सोडत नाही आणि सोडूही नये.

पेणची सून
आमचा माल वेगळा, म्हणून लिहिते. गणपतीच्या मूर्ती. पेणहून लालबाग, दादर, गिरगाव. वजनाला काहीच नाही, पण शाडूची मूर्ती हादऱ्याने तडकते. पूर्वी दोन सिलिंडरची डिझेल होती. सिग्नलला उभी राहिली तरी हौदा थरथरायचा. खाली पेंढा, वर गाद्या, तरी एका वर्षी वाटेत अकरा मूर्तींचे हात गेले. सासरे रात्रभर शाडू कालवून बोटं जोडत बसले होते. चार सिलिंडरची पेट्रोल घेतली आणि फरक पहिल्याच फेरीत कळला. महाग पडते, पण आमच्या फेऱ्या वर्षातून दोन महिने. रोज दीडशे किलोमीटर पळणाऱ्याने माझं ऐकू नये.

गिरगावकर
पेणला आहात? येताना पोह्याचे पापड मिळतील का? मागच्या वर्षीचे संपले.

पेणची सून
मिळतील की! श्रावणात आमची गाडी येते, त्यात ठेवते. मिरगुंडं पण हवीत का?

गिरगावकर
दोन्ही. अर्धा अर्धा किलो.

मस्जिद बंदर
डिझेल घेणाऱ्यांनी हे वाचा. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेलला धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात तो. ही काजळी आतच जाळायला गाडी तापून सलग काही वेळ वेगात पळावी लागते. माझी गाडी मस्जिद बंदर ते काळबादेवी, दिवसाला वीस किलोमीटर, त्यातले निम्मे हातगाड्यांच्या मागे. दहा महिन्यांत दिवा लागला, गाडीने पिकअप सोडला. पिकअपलाच पिकअप नाही! वर्कशॉपमध्ये दोन दिवस. आता दर रविवारी पूर्व द्रुतगती मार्गावरून ठाण्यापर्यंत पळवून आणतो, दिवा परत लागला नाही. विकताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं. ताईंच्या भावाला पहाटे सायन-पनवेल रस्ता मोकळा मिळतो, त्याला हा त्रास होऊ नये.

टॅक्सीवाल्याचा मुलगा
सीएनजीवरून आमची पद्मिनी टॅक्सी आठवली. टाकी डिकीत, त्यामुळे पाहुण्यांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरला. गावाहून आजी आली की लोणच्याची बरणी मात्र बाबा पुढे स्वतःच्या पायाशी ठेवायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली त्या दिवशी बाबांनी चहासुद्धा घेतला नाही. पिकअपचं मला काही माहीत नाही, पण पिकअपला टाकीचं वजन मालातूनच वजा होतं. तेच मॉडेल सीएनजीत घ्याल तर पासिंग (माल भरायची परवानगी) कमी किलोचं मिळतं का ते कागदावर बघा.

कलिना
26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिमी पाऊस. काकांची डिझेल पिकअप गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर काकांनी घाईने सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकले, पूर्ण इंजिन खोललं. कृपा करून पाण्यातून निघालेली गाडी चालू करू नका, डिझेल असो का पेट्रोल. ओढून न्या. आणि घेतानाच हवा ओढायचं तोंड किती उंचीवर आहे ते वाकून बघा. मी मोजपट्टी घेऊन गेले होते.

मुलुंडची किराणावाली
इलेक्ट्रिकचं कुणीच लिहीना म्हणून मी. दुकानाच्या घरपोच मालासाठी घेतलीय. दिवसाला साठ किलोमीटर, रात्री दुकानातच चार्जिंग. क्लच नाही, त्यामुळे दिवसभर थांबत-चालत जाऊनही मुलाचा गुडघा दुखत नाही, माझ्यासाठी हेच मोठं. पण सहाशे किलोच्या वर आम्ही भरत नाही आणि ही घेऊन मी जुन्नरला जाणार नाही.

भायखळ्याची लेक
सगळ्यांचं भावाला वाचून दाखवलं. मध्येच एक वेगळं विचारते: माझ्याकडे कारचं लायसन्स आहे. तो आजारी पडला तर मी पिकअप चालवू शकते का?

रात्रपाळी
हो! एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर एकूण वजन 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये तसाच निकाल दिलाय. फाळका उघडताना बोटं सांभाळा फक्त.

पनवेलची आजी
चालव गं पोरी.

कल्याण नाका
ताई, शोरूमची ट्रायल रिकाम्या गाडीची असते, तिच्यावर ठरवू नका. बुधवारी मी ओतूरला खताची पोती घेऊन चाललोय, सव्वा टन. भावाला पहाटे चारला कल्याणला उभं राहायला सांगा. घाट तोच चालवेल, मी शेजारी बसतो.

भायखळ्याची लेक
बुधवार रात्र. भाऊ जाऊन आला. दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढला म्हणे, टेंपरेचरचा काटा मध्यावरच. वर धबधब्यापाशी थांबून त्याने मला फोन केला आणि बराच वेळ नुसताच गप्प होता. डिझेल बुक केलंय. कल्याण नाका, तुम्ही त्याच्याकडून चहाचेही पैसे घेतले नाहीत, आई म्हणतेय एकदा घरी जेवायला या.
आणि आईने माळ्यावरून एक गोणपाट काढून, धुऊन वाळत घातलंय. नव्या गाडीत सीटमागे ठेवायला.