कापडी फुलांचे गोल तोरण : कडा आणि गळती

दारावरच्या गोल तोरणातील कापडी पाकळ्यांच्या कडा उसवतात आणि उन्हाळ्यात फुले गळतात, अशी अडचण आपण मांडली आहे. कडा मेणबत्तीच्या आचेवर धरण्याचा उपाय पॉलिएस्टरच्या साटीनला चालतो, कारण ते वितळून कड बंद होते. सुती कापड मात्र जळते. सुती पाकळ्या धाग्यांना तिरक्या, म्हणजे ४५ अंशांच्या कोनात कापाव्यात, त्यामुळे धागे कमी सुटतात आणि पाकळीला बोटाने सुरेख बाक देता येतो. नागपुरातील गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या तुकड्यांना मी आधी साबुदाण्याची पातळ खळ देऊन वाळवते, मगच कात्री लावते.

गळतीचे कारण बहुधा ग्लू गनचा, म्हणजे वितळवून लावायचा गोंदच असावा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या दारावर थेट ऊन आले, की तारेचे कडे त्याहून अधिक तापून गोंद मऊ पडतो. म्हणून कड्यावर प्रथम सुती पट्टी घट्ट गुंडाळावी आणि प्रत्येक फूल दुहेरी दोऱ्याने त्या पट्टीला शिवूनच टाकावे. वेळ लागतो खरा, परंतु माझ्या दारावरचे असे तोरण दोन उन्हाळे टिकले आहे. शेंदरी रंग तेवढा फिका झाला.