अण्णांचं लाल बटण आणि भिंतीतली मेलेली लाइन

सातासमुद्री:
माझे सासरे ८४ वर्षांचे. सत्तरच्या दशकात मिरजेहून डॉक्टर होऊन ब्रिटनमध्ये आले, उत्तर इंग्लंडातल्या दरीतल्या एका गावात जन्मभर जीपी, म्हणजे गावचे फॅमिली डॉक्टर म्हणून राबले, आता तिथेच एकटे राहतात. गळ्यात लाल बटण असतं. पडलं-झडलं, छातीत दुखलं की दाबायचं. मग हॉलमधला डबा फोनच्या लाइनवरून मदत केंद्राला फोन लावतो आणि स्पीकरमधून बाई विचारते, "डॉक्टर, बरे आहात ना?"

मध्यंतरी फोन कंपनीकडून पोस्टाने नवा राउटर आला. सोबतच्या कागदावर लिहिलेलं, की लँडलाइन आता इंटरनेटवरून चालणार, फोनची वायर राउटरच्या मागे खोचा. अण्णांनी खोचली. डब्याची वायर राहिली भिंतीतल्या जुन्या सॉकेटात, आणि ती लाइन त्याच दिवशी मेली. अकरा दिवस ते गळ्यात नुसतं प्लास्टिक घालून हिंडत होते. डब्यावरचा दिवा लुकलुकत होता म्हणे. त्यांना वाटलं, चार्ज होतोय.

काही झालं नाही, हे नशीब. पण माझं ठाम मत झालंय: ज्या घरात असं बटण आहे तिथे कंपनीच्या माणसाने स्वतः यावं, बटण दाबावं, केंद्रातून उत्तर आलेलं कानांनी ऐकावं, मगच जुनी लाइन तोडावी. त्यापायी देशभरातल्या जुन्या लँडलाइन बंद करायची ३१ जानेवारी २०२७ ची मुदत हुकली तर हुकू दे.

जुना लाइनमन:
ताई, अण्णांचं वाचून पोटात गोळा आला. तरीही शेवटचं वाक्य पटलं नाही. मुदत आधी डिसेंबर २०२५ ची होती. मे २०२४ मध्ये ती पुढे ढकलली, तीही मुख्यतः या बटणवाल्यांसाठीच. अजून किती ढकलणार? एक्स्चेंजमधली ती यंत्रं माझ्या उमेदीच्या काळातली. त्यांचे सुटे भाग आता कोणी बनवत नाही. त्यात तांब्याच्या जोडात पाणी शिरलं की लाइन मरते, आणि कोणी फोन उचलून बघेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. तुम्हाला जुनी लाइन सुरक्षित वाटते कारण ती सवयीची आहे. ती आता अण्णांपेक्षा म्हातारी झालीय.

सातासमुद्री:
म्हातारी असेल, पण लाइट गेला तरी बोलायची. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडूनच ५० व्होल्ट यायचे, घरच्या विजेशी देणंघेणं नाही. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात आमच्याच भागात झाडं तारांवर पडली. देशभरात जवळपास ४,००० घरं आठवड्याहून जास्त अंधारात होती. आता राउटर लाइट गेल्या क्षणी बंद. आणि नियम काय सांगतो? लँडलाइनवरच अवलंबून असलेल्याला वीज गेल्यावर किमान एक तास तरी ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावता आला पाहिजे. एक तास! एवढ्यात आमच्याकडे मेणबत्ती सापडत नाही.

जुना लाइनमन:
तासाचं बोललात ते खरं, तो नियम तोकडा आहे. कंपन्यांनी नंतर तासाहून जास्त टिकणाऱ्या बॅटऱ्या देण्याकडे वळायचं कबूल केलंय. पण एक विचारतो, रागावू नका. अण्णांकडे कॉर्डलेस आहे ना? मग तो आर्वेनमध्येही मुकाच होता. त्याचा बेस घरच्या प्लगवर चालतो.

सातासमुद्री:
कॉर्डलेस मुका होता, कबूल. डबा बोलत होता. त्यात स्वतःची बॅटरी असते, ती दिवसभर जाते. आणि विषय डब्याचाच चाललाय.

गवती चहा:
सगळं कंपनीच्या माथी मारणं सोपं आहे. अकरा दिवस मुलगा-सून काय करत होते? नवा राउटर येणार हे पत्र आधी आलंच असेल. आपल्या माणसाचं आपण बघायचं सोडून सरकारने माणूस पाठवावा ही अपेक्षा मला तरी अजब वाटते.

सातासमुद्री:
लागलं, पण उत्तर देते. पत्र अण्णांच्या नावाने आलं, त्यांनी ते पेपरांच्या गठ्ठ्यात ठेवलं. आम्ही अडीच तासांवर राहतो. त्या अकरा दिवसांत आम्ही त्यांच्याशी चार वेळा बोललो, लँडलाइनवरच. फोन उत्तम चालू होता. म्हणूनच तर कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रात्रपाळी:
मी अशाच एका केंद्रात हेडफोन लावून बसते, म्हणून राहवलं नाही. तुमच्या अण्णांसारखी सुमारे १८ लाख माणसं आहेत या देशात. त्यांच्या याद्या असतात काउन्सिलकडे (इथली नगरपालिका म्हणा), भाड्याची घरं देणाऱ्या हाउसिंगवाल्यांकडे, आमच्याकडे. फोन तोडणारी कंपनी वेगळी. तिला कळायचं कसं की या नंबरवर डबा आहे? कित्येक वर्षं याद्या जुळवण्याऐवजी गोपनीयतेचे नियम एकमेकांच्या तोंडावर फेकणं चाललं होतं.

दुसरी गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की वायर राउटरला नीट लावली तरी काम फत्ते होतंच असं नाही. जुना डबा आमच्याशी सुरांत बोलतो, पूर्वी फोनची बटणं दाबली की पीं-पों वाजायचं तसं. त्या सुरांवरून मला पडद्यावर घर दिसतं. इंटरनेटवरून येताना आवाज तुकड्यांत येतो आणि एखादा सूर मधेच गाळला जातो. मग डबा परत फोन लावतो, परत गाळला जातो. माणसाला तुटक आवाज कळतो हो, यंत्राला नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये असे गंभीर प्रकार उघड झाल्यावर सरकारने कंपन्यांकडून लेखी घेतलं, की बटणवाल्यांना खात्री केल्याशिवाय जबरदस्तीने हलवणार नाही. दोन वर्षांनी ऑफकॉमने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकाने, याच कारणावरून व्हर्जिन मीडिया या फोन कंपनीला २ कोटी ३८ लाख पौंड दंड ठोठावला. तेव्हा गवती चहा, ही घराघरांतली हलगर्जी नाही.

पण सातासमुद्री, मुदतीच्या बाबतीत मी लाइनमनदादांच्या बाजूने. मुदत हलली की काउन्सिलवाले नव्या डब्यांची खरेदी पुढच्या बजेटात ढकलतात. एकदा बघितलंय. घरी येऊन चाचणी मात्र हवीच, यात दुमत नाही.

सदाशिवपेठी:
लांबून बोलतोय, माफ करा. आमच्या पुण्यात लँडलाइन काढून जमाना झाला. आईला सिमवालं घड्याळ दिलंय, वर समोरच्या काकू दिवसातून तीनदा डोकावतात. पडत्या तारेला धरून बसण्यात काय हशील?

सातासमुद्री:
तुमच्या काकू इकडे पाठवा, लगेच धागा बंद करते. अण्णांचं सगळ्यात जवळचं घर शेत ओलांडून आहे आणि दरीत मोबाइलला एखादी काडी दिसते, तीही माळ्यावर. घड्याळही दिलं होतं. रात्री चार्जिंगला काढून ठेवतात आणि नेमके रात्रीच बाथरूमला उठतात. लाल बटण पाण्यात चालतं, त्याची बॅटरी वर्षानुवर्षं जाते, म्हणून ते गळ्यात राहतं.

जुना लाइनमन:
एका काडीवरही काम होतं बरं का. नव्या डब्यात असं सिम मिळतं, जे एकाच कंपनीला बांधलेलं नसतं, ज्याचा सिग्नल सापडेल तो पकडतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच: तो डबा ठराविक वेळाने आपणहून केंद्राला "मी जिवंत आहे" असं कळवत राहतो. गप्प झाला तर तिकडे पडद्यावर दिसतं. जुना डबा मेला हे कळायला अकरा दिवस लागले ना? म्हणून म्हणतो, तार वाचवण्यात जीव अडकवू नका.

सातासमुद्री:
हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. ना कंपनीने, ना काउन्सिलने.

रात्रपाळी:
आम्हाला काही कळतं ते डबा पडद्याकडे जोडलेला असेल आणि कोणी तिकडे बघत असेल तर. दादा, रात्री दोन वाजता पडद्यावर "संपर्क नाही" अशी चाळीस नावं असतात, बहुतेकांनी प्लग काढून व्हॅक्युम लावलेला असतो. लगेच हुरळून जाऊ नका.

जुना लाइनमन:
घ्या. आमच्या बाजूने म्हणून आलात आणि आमच्यावरच उलटलात.

सातासमुद्री:
शनिवारी जाऊन आले. काउन्सिलने सिमवाला डबा बसवून दिलाय. राउटरचा प्लग काढला, मेन स्विचही पाडला, अण्णांना बाथरूममधून बटण दाबायला लावलं. वीसेक सेकंदांनी बाई बोलली. अण्णा आतून ओरडले, "मी ठीक आहे, सून परीक्षा घेतेय!" परसात कपडे वाळत घालतात त्या टोकाला मात्र बटण पोचलं नाही. माझं मत बदललेलं नाही, ही परीक्षा घ्यायचं काम सुनेचं नव्हतं.

जुना लाइनमन:
छान झालं. आता एकच. डब्याच्या बुडावर स्टिकर असेल, सिम कितव्या पिढीचं आहे ते बघा. इथल्या कंपन्यांनी थ्रीजी गुंडाळलंय आणि टूजी २०३३ पर्यंत जाणार. जुना माल बसवून गेले असतील तर पुन्हा हेच.

सातासमुद्री:
अण्णांना फोन लावतेय. चष्मा शोधताहेत.