काकू डिपॉझिट देईनात, पेइंग गेस्टला काही हक्क असतात की नाही?

कॉट_नंबर_तीन

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणारे पण प्लीज पूर्ण वाचा, डोकं फिरलंय माझं.

मी मूळची बार्शीची, एमपीएससीसाठी पुण्यात आलेली. गेल्या वर्षीच्या जूनपासून या ३१ जुलैपर्यंत म्हणजे १४ महिने सदाशिव पेठेत एका काकूंकडे कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतल्या एका पलंगापुरतं भाडं) राहिले. काका-काकू पुढच्या दोन खोल्यांत, आम्ही तिघी मागच्या खोलीत, संडास-बाथरूम आमचं वेगळं पण स्वयंपाकघर एकच, त्यामुळे रात्री दहानंतर चहा केला तरी काकूंना कळायचं. कॉटचे ५,५०० आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट ११,०००. त्यातले ३,००० जीपेने टोकन म्हणून दिलेले आणि ८,००० ज्या दिवशी सामान घेऊन आले त्या दिवशी बाबांनी रोख काकांच्या हातात दिले. पावती नाही. बाबा म्हणाले घरासारखे लोक आहेत, पावती कुठे मागायची. अॅग्रीमेंट पण नाही, फक्त नियमांचा एक कागद होता (साडेनऊच्या आत घरी, मित्र आणायचे नाहीत, गिझर दहा मिनिटं) त्यावर सही घेतली आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, त्या कागदाची कॉपी माझ्याकडे नाही.

आता भांडण काय ते सांगते. २ जुलैला काकू मेथी निवडत बसल्या होत्या तेव्हा तोंडी सांगितलं की मी महिनाअखेरीस जातेय, त्या म्हणाल्या बरं बाई, सुखी रहा. ५ तारखेला व्हॉट्सअॅप पण केला, निळी टिक आली, उत्तर म्हणून फक्त अंगठा. निघायच्या दिवशी म्हणाल्या डिपॉझिट चार दिवसांनी देते. चार दिवसांचे बारा झाले आणि मग त्यांनी वहीच्या पानावर हिशोब लिहून त्याचा फोटो पाठवला. जमा ११,०००. वजा रंग ४,०००, वजा गिझर दुरुस्ती २,४००, वजा लाइट बिल १,२००, वजा नोटीस कमी दिली म्हणून अर्ध्या महिन्याचे २,७५०. बाकी ६५०. आणि ते ६५० लगेच जीपे केले!!

भिंतीला ओल मी यायच्या आधीपासून होती, पोपडे पडायचे, माझ्या पुस्तकांवर पडायचे. मी फक्त आरशासाठी एक खिळा मारला होता तो पण काकांना विचारून. गिझरचा कॉइल क्षाराने गेला, तिघी वापरायचो, मग मी एकटीच का भरू. लाइट बिलाचं मान्य आहे, शेवटच्या दोन महिन्यांचं माझ्याकडे होतं.

फोन केला तर म्हणतात "तुला मुलीसारखी ठेवली आणि आता तू हिशोब मागतेस". मला रडू आलं खरंच, कारण होळीला पुरणपोळी, ताप आला तेव्हा पेज, सगळं केलंय त्यांनी. पण १०,००० म्हणजे माझे दोन महिने आहेत हो. पोलिसात जाऊ का? का सोडून देऊ?

बोळातला_बोका

ज्या दिवशी मालकिणीला काकू म्हणालीस त्या दिवशी अर्धं डिपॉझिट गेलं, आणि पुरणपोळी खाल्लीस तेव्हा उरलेलं. जोक आहे, चिडू नकोस. माझं नारायण पेठेत सेम झालंय, फक्त तिथे आजी होत्या आणि पुरणपोळी पण नव्हती.

करार_नोंदणीवाला

मी वकील नाही पण लिव्ह अँड लायसन्स (घर परवानगीने वापरायला द्यायचे करार) नोंदवून द्यायचं काम करतो त्यामुळे हे प्रकरण आठवड्याला एक तरी कानावर येतं.

पहिली गोष्ट, कायद्याच्या भाषेत तू भाडेकरू नाहीस. वाईट वाटून घेऊ नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये पेइंग गेस्टची वेगळी व्याख्या आहे, जिथे मालक स्वतः राहतो त्याच घराचा एक भाग वापरायला दिलेली, पण कुटुंबातली नसलेली व्यक्ती. तुझी केस अगदी तीच. आणि लायसन्सीची, म्हणजे अशा करारावर राहणाऱ्याची, व्याख्या करताना पेइंग गेस्टला त्यातून बाहेर काढलंय. आता खाली लोक येऊन कलम ५५ सांगतील की करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरायचं जोवर उलटं सिद्ध होत नाही, शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सगळं खरं आहे पण समोरचा वकील पहिल्या मिनिटाला म्हणणार की ही पेइंग गेस्ट, हिला ते लागूच नाही. त्यामुळे काकूंना कैदेची धमकी देऊ नको, फुसका बार निघाला तर तुझं बाकीचं खरं पण खोटं वाटेल.

मग राहतं काय तर साधा व्यवहार. तोंडी करार पण करारच असतो. डिपॉझिट ही अनामत आहे, त्यांचं उत्पन्न नाही, कापायचं असेल तर काय नुकसान झालं, किती खर्च आला आणि ते तुझ्यामुळे कसं हे त्यांनी दाखवायचं. ओल आली म्हणून रंग, क्षाराने कॉइल गेला, ही घराची झीज आहे, ती मालकाच्या अंगावर.

आणि पावती नाही म्हणून तू घाबरलीस ना, अगं पावती तुझ्या फोनमध्ये आहे! त्यांनीच स्वतःच्या अक्षरात "जमा ११,०००" लिहून पाठवलंय. रोख ८,००० कुठे दिले हा प्रश्नच मिटला. तो फोटो, ५ तारखेचा मेसेज आणि अंगठा, जीपेचं ३,००० चं आणि परत आलेल्या ६५० चं स्टेटमेंट, सगळं आजच्या आज मेलवर टाकून ठेव, चॅट एक्स्पोर्ट कर. फोन हरवला, चॅट उडाला अशा केसेस फार बघितल्यात. त्यांनी तुझी माहिती पोलिसांकडे भाडेकरू म्हणून ऑनलाइन भरली असेल तर तोही तू तिथे राहत होतीस याचा पुरावा.

पोलिसात जाऊन उपयोग नाही, दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवतील. सामान किंवा ओरिजिनल सर्टिफिकेट अडकवून ठेवली असती तर गोष्ट वेगळी.

आता फोन बंद, लेखी बोल. व्हॉट्सअॅपवरच एक मेसेज, काकूच म्हण, आदराने, पण आकडे घालून. लाइट बिल १,२०० मान्य, गिझरचं बिल दाखवा म्हणजे माझा तिसरा हिस्सा देते, रंग आणि नोटीसचे पैसे मान्य नाहीत, बाकी रक्कम १५ दिवसांत द्या. नाही दिले तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. केस टाकायच्या आधीच समेटासाठी अर्ज करता येतो, ते समोरच्याला बोलावतात, प्रकरण लोकअदालतीत ठेवतात, कोर्ट फी पण लागत नाही. दावा लावायला ३ वर्षांची मुदत आहे त्यामुळे घाई नाही, पण मेसेज आज कर.

डेक्कनची_मावशी

मी स्वतः मुली ठेवते, एकटी असते, दोन खोल्या रिकाम्या होत्या म्हणून अकरा वर्षांपूर्वी सुरू केलं. त्यामुळे दुसरी बाजू पण ऐका. एक मुलगी रात्री बॅग भरून गेली, दोन महिन्यांचं भाडं बाकी. एकीने खोलीत चोरून इंडक्शन वापरला आणि बिल आलं ४,००० च्या वर, विचारलं तर मी नाहीच. केस अडकून बाथरूमचा पाइप तुंबणं हे तर दर पावसाळ्याला. आणि घर आपलं असतं हो, रात्री अकराला कोण आलं म्हणून आपल्याला झोप नसते, हॉटेल नाही ते. तुम्ही लोक काकू वाईट म्हणून मोकळे होता.

पण रंग मुलीच्या डिपॉझिटमधून काढणं चूकच. रंग मी दर तीन वर्षांनी माझ्या खर्चाने काढते, माझी भिंत आहे. आणि बिल न दाखवता पैसे कापायचे नाहीत हा माझा नियम. मुलगी येते त्या दिवशी तिच्यासमोर खोलीचे, भिंतीचे, गादीचे फोटो काढते आणि तिलाच पाठवते. वहीत दोन सह्या, तिची आणि माझी. वर्षाला एखादी तरी कटकट वाचते याने.

आता एक गोष्ट सांगते जी कोणी मालकीण सांगणार नाही. तुझ्या काकूंकडे बहुतेक पैसे नाहीयेत. डिपॉझिट बँकेत वेगळं कोणी ठेवत नाही, ते कधीच काकांच्या औषधात नाहीतर नळाच्या कामात गेलेलं असतं. नवीन मुलगी आली की तिच्या डिपॉझिटमधून जुनीचं भागवायचं असं चालतं सगळीकडे, मीसुद्धा सुरुवातीला केलंय. ऑगस्टात कॉट रिकामी राहिली की मग पैसे द्यायला नसतात आणि ते तोंडाने म्हणवत नाही, मग रंग आठवतो, गिझर आठवतो. कॉट भरली का ते मैत्रिणींना विचार. भरली नसेल तर हप्त्याने द्या म्हण, बघ लगेच आवाज खाली येतो.

कॉट_नंबर_तीन

मावशी, बरोब्बर. आत्ताच रूममेटला विचारलं, कॉट रिकामीच आहे!! आणि दुसरी गंमत, गिझरचं बिल २,४०० टोटल आहे, म्हणजे पूर्णच्या पूर्ण माझ्या नावावर टाकलंय, त्या दोघींना काहीच मागितलं नाही कारण त्या अजून राहतायत.

लेस्टरकर

लांबून लिहितोय पण राहवलं नाही. इकडे इंग्लंडमध्ये सेम टू सेम आहे. मालक त्याच घरात राहतो आणि किचन-बाथरूम शेअर असेल तर तुम्ही भाडेकरू नाही, लॉजर. नेहमीच्या भाडेकरूचं डिपॉझिट २००७ पासून सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं, लॉजरला ते संरक्षण नाही, आणि घरातून काढायला पण कोर्टाची ऑर्डर लागत नाही, रीझनेबल नोटीस दिली की झालं. मी आल्या आल्या एका गुजराती अंकलकडे राहिलो, केम छो म्हणून पैसे घेतले, ४०० पौंड अडकवले, कारण काय तर कार्पेटला हळदीचा डाग. डाग होता, खोटं कशाला बोलू, पण बशीएवढा होता आणि कार्पेट माझ्यापेक्षा वयाने मोठं. शेवटी पत्र लिहिलं की १४ दिवसांत द्या नाहीतर स्मॉल क्लेम म्हणजे छोट्या रकमेचा दावा टाकतो (इथे १०,००० पौंडांपर्यंतचे दावे त्यात जातात, ऑनलाइन होतं), दहाव्या दिवशी ३५० आले. ५० हळदीचे. आवाज चढवून काही मिळालं नव्हतं, तारीख लिहिल्यावर मिळालं.

बोळातला_बोका

"५० हळदीचे" हे आता घरात म्हण म्हणून वापरणार मी.

नवी_मुंबई_२०२

मला एक कळत नाही, इतकं सगळं करण्यापेक्षा शेवटचे दोन महिने भाडंच द्यायचं नाही, डिपॉझिटमधून वळते करून घ्या म्हणायचं. आम्ही सगळे तेच करतो.

करार_नोंदणीवाला

वरच्या साहेब, फ्लॅटमध्ये एकटे राहत असाल तर जमत असेल, मालक त्याच घरात झोपत असेल तर दुसऱ्या दिवशी तुमची गादी जिन्यात असते. परवानगीने राहणाऱ्याची परवानगी काढून घेता येते, १८८२ च्या इझमेंट अॅक्टखाली सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो, पण तो वेळ किती यावर भांडत बसायचं का मुलींनी परीक्षेच्या तोंडावर? आणि शिवाय ती तिकडून निघालीये, आता हा सल्ला काय कामाचा.

कॉट_नंबर_तीन

अपडेट. मेसेज टाकला, तुम्ही सांगितलं तसाच, आकडे घालून. सुरुवातीला "काकू, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते विसरणार नाही" असं लिहिलं आणि ते खोटं नव्हतं. हिशोब असा मांडला, लाइट १,२००, गिझरचा माझा हिस्सा ८००, म्हणजे कापा २,०००, राहिले ९,०००, त्यातले ६५० आले, बाकी ८,३५०. शेवटी लिहिलं की एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत द्या.

दोन दिवस नुसती निळी टिक. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन, चौदा महिन्यांत ते माझ्याशी चार वाक्यं बोलले असतील. म्हणाले रंगाचं मला माहीतच नव्हतं, तू थांब. संध्याकाळी ४,३५० जीपेवर आले. मागून काकूंचा मेसेज की बाकीचे ४,००० गणपती झाल्यावर, आणि खाली लिहिलंय उकडीच्या मोदकांना ये, तुझी परातही राहिलीये इथे.

आता मला कळेना, मोदकांना जायचं का? गेले तर पैशाचं बोलता येणार नाही, नाही गेले तर त्यांना वाटेल हिने संबंधच तोडले. आणि ते ४,००० "गणपती झाल्यावर" म्हणजे नक्की कधी?

डेक्कनची_मावशी

जा. परात घेऊन ये. जायच्या आधी त्या मेसेजला "हो काकू, ४,००० गणपती झाल्यावर, नक्की" असं उत्तर टाकून ठेव, लेखी झालं. देवासमोर विषय काढू नकोस.

बोळातला_बोका

आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मेसेज. पितृपक्ष लागला की म्हणतील या दिवसांत पैसे देत नाहीत.