४२९४९६७२९७: ९९ भागाकार झाले, अवयव सापडेना

वहीवाला:
३, ५, १७, २५७, ६५५३७. दर वेळी आधीच्या संख्येतून १ काढायचा, वर्ग करायचा, १ मिळवायचा. पाचही मूळ संख्या. सहावी २^३२ + १. प्रोग्रामला विचारलं तर पठ्ठ्या म्हणतो, १! शेवटी हाताने गुणलं, ४२९४९६७२९७ आलं. ही मूळ नाही एवढं वाचलंय, अवयव मुद्दाम पाहिलेले नाहीत. ३ पासून ५४१ पर्यंतच्या ९९ मूळ संख्यांनी भागून झालं, अकरा पानं गेली, बाकी शून्य काही येईना. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित वर. म्हणजे ६५४२ मूळ संख्या तपासायच्या? अवयव सांगू नका, वाट सांगा.

बिटकिडा:
१ चं कोडं सोपंय. तुझा प्रोग्राम संख्या ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत ठेवतोय. त्यात जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ मावते. तुझी संख्या दोनने मोठी, त्यामुळे आकडा शून्यावर फिरून पुढे एक सरकला. ६४ बिटांचा प्रकार घे.

बाकीशून्य:
अकरा पानांबद्दल वाईट वाटतंय, कारण ९९ पैकी ९८ भागाकार करायचेच नव्हते. समजा मूळ संख्या 'प' ने भाग जातो. मग २^३२ ची बाकी −१ (म्हणजे भाग जायला १ कमी), म्हणून २^६४ ची बाकी १, आणि ६४ च्या आधीच्या कुठल्याही घाताला ती १ येत नाही. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या छोट्या सिद्धांतानुसार २^(प−१) ची बाकीही १. तेव्हा प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. आता प ला ८ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणजे २ ही प च्या हिशेबात कुठल्यातरी संख्येच्या वर्गाची बाकी असते. त्या संख्येच्या घातांत बाकी १ पहिल्यांदा १२८ व्या घाताला येते, त्यामुळे ६४ चे १२८ होतात: प ही १२८ च्या पटीहून १ ने मोठी. १२९, २५७, ३८५, ५१३... यांतल्या फक्त मूळ घे. २५७ तू करून बसलायसच.

गंमत म्हणजे तुझ्या ३, ५, १७... या रांगेतल्या सगळ्या संख्या मूळ असतात असं १६४० च्या सुमारास खुद्द फर्मालाच वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने नेमकी तुझी ही सहावी संख्या फोडली.

वहीवाला:
अरे देवा! ५१३ च्या पुढची ६४१. बाकी शून्य, भागाकार ६७००४१७. ५४१ वर थांबलो नसतो तर आणखी सोळा मूळ संख्यांनी गाठली असती!

बाकीशून्य:
६४१ चं न भागताही दिसतं. ६४१ = ५×२^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५×२^७ ची बाकी −१, चौथा घात केला की ५^४×२^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेव. −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. झालं.

वहीवाला:
हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ६७००४१७ लाही तोच नियम लावला. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, २५७ आधीच बाद, तिथपर्यंत उरले उमेदवार चारच: ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे ती मूळ. या वेळी अर्धं पान.